मोरीचा मणका

आमच्या बेळगावच्या घरी मोरी यायची ती वेंगुर्ल्याहून, घाट चढून, बर्फातून. आजीचं माहेर वेंगुर्ल्याचं, त्यामुळे मोरी कापावी ती तिनंच. शार्क हा शब्द मला पुढे शाळेत भेटला. मोरीत काटे नसतात म्हणून आम्ही मुलं खूश असायचो. निघायचे ते मणके. एखादा मोठा मणका आजी राखेनं घासून, उन्हात वाळवून मला खेळायला द्यायची. दोन्ही बाजूंनी वाटीसारखा खोलगट, आणि त्या वाटीत ओंडक्यावर असतात तशी वलयं.

"हे काय गं?"

"तिचं वय असेल. झाडाला नसतात का?"

"आणि तुझं वय किती?"

"मानमोडीच्या साथीत आई गेली, तेव्हा मी रांगत होते. तूच मोज."

मानमोडी म्हणजे १९१८ सालचा इन्फ्लुएन्झा. म्हणजे आजी साधारण १९१७ची.

१९८२ साली तिच्या म्हातारपणाच्या पेन्शनसाठी अर्ज केला. रेशनकार्डावर वय ५२ होतं. कधीतरी कुणा कारकुनानं तिच्या काळ्याभोर केसांकडे पाहून ते ठोकून दिलेलं. आजीनं मानमोडीची हकिगत सांगितली. समोरचा हसला. "साथ म्हणजे काय दाखला आहे का, आजी?" अर्ज परत आला.

निवृत्तीनंतर वाचनाला सवड मिळाली, तेव्हा कळलं की मणक्याबाबत आजीचा तर्क बरोबर होता. इतर बहुतेक माशांचं वय त्यांच्या कानातल्या खड्यांवरून काढतात. मोरीचा सांगाडा सगळा कूर्चेचा. तिच्या कानात तसे टणक खडे नाहीत, आणि काचकागदासारख्या कातडीवरही वर्षांची खूण नाही. मणक्यात मात्र चुना साठत जातो आणि वलयं उमटतात. पण वर्षाला एकच वलय, हे कशावरून? म्हणून शास्त्रज्ञ जिवंत शार्कला टेट्रासायक्लीन टोचून सोडून देतात. मणक्यात त्याची खूण राहते, अतिनील प्रकाशात ती चमकते. तोच मासा पुन्हा सापडला, की खुणेच्या बाहेरची वलयं मोजायची.

तरी एक खोट राहतेच. म्हातारपणी वाढ मंदावते, बाहेरची वलयं एकमेकांना चिकटतात, नजरेतून सुटतात. म्हणजे जितका जीव जुना, तितकी त्याची वर्षं जास्त बुडतात!

मग उपयोगी पडला तो माणसाचाच एक उपद्व्याप. १९५० ते ६०च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढवला. तो समुद्रात उतरला आणि त्या काळात वाढणाऱ्या प्रत्येक जिवाच्या अंगात मुरला. हे वाचताना मी थबकलो. ही त्यांची मानमोडीच की! ही खूण धरून २०१४ साली वायव्य अटलांटिकमधल्या एका पांढऱ्या शार्क नराचं वय ७३ निघालं. पूर्वीच्या मोजण्यांत या जातीचं वय बहुधा पंचविशीच्या आतच यायचं.

ग्रीनलंड शार्कचे मणके तर इतके मऊ, की वलयंच नाहीत. २०१६ साली शास्त्रज्ञांनी तिच्या डोळ्याच्या भिंगातला, जन्माआधी तयार झालेला गाभा तपासला. पाच मीटरच्या मादीचं वय आलं सुमारे ३९२ वर्षं, त्यात १२० वर्षं मागेपुढे. ती वयात येते तीच दीडशेच्या सुमारास.

हा नुसता आकड्यांचा खेळ नाही. वय कमी धरलं, की ही जात लवकर वयात येते, झालेली तूट लवकर भरून निघते, असा समज होतो. जाळी तेवढ्या हिशेबानं पडतात. चुकतो मोजणारा, भोगते मोरी.

आजी १९९१ साली गेली. नगरपालिकेचा फॉर्म मीच भरला. वयाच्या रकान्याशी पेन थांबलं. कागदाला कागद जुळावा म्हणून मी कार्डाच्या हिशेबानं ६१ लिहिलं. ज्या कारकुनाला वर्षानुवर्षं शिव्या दिल्या, त्याच्याच अक्षराखाली मी सही केली. आजीची तेरा वर्षं मीही बुडवली.

परवा नातीनं घराण्याची वंशावळ लिहायला घेतली. "पणजीचं जन्मसाल काय लिहू, आजोबा?"

"१९१७ लिही. आणि पुढे लिही, अंदाजे."

"अंदाजे लिहिलेलं चालतं?"

"चालतं," मी म्हटलं, आणि मणका शोधायला टेबलाचा खण उघडला.