बॉल चालवा

समुद्राकाठच्या गोल्फचा पहिला धडा असा, की बॉल जमिनीजवळ असेपर्यंत आपला, उंच गेला की वाऱ्याचा. टीव्हीवर दिसणाऱ्या गोल्फमध्ये बॉल आभाळात चढतो, हिरवळीवर धपकन पडतो आणि जागच्या जागी थांबतो. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या लिंक्स मैदानांवर तसा फटका मारला तर बॉल टणकन उसळतो आणि हिरवळीमागच्या काटेरी झुडपांत जाऊन बसतो. तिथे तो वीस-तीस यार्ड अलीकडेच उतरवायचा आणि पुढची वाट जमिनीवर सोपवायची. फटका निम्मा आपण मारतो, निम्मा जमीन मारते. हा खेळ मी नौदलाच्या नोकरीत, मुंबईत कुलाब्याच्या यूएस क्लबच्या मैदानावर शिकलो. पण त्यातलं जमिनीचं अंग मला त्याआधीच चंद्रपूर जिल्ह्यातल्या माझ्या गावाने, नागभीडने दिलं होतं.

नागभीडहून कोणत्याही दिशेने निघा, समुद्र शेकडो किलोमीटर दूर. आमच्या लहानपणी नागपूर गाठायचं तर नॅरोगेजच्या गाडीने, जंगल बघत. ती गाडी २०१९मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली. घरी धानाच्या बांध्या होत्या. पुढे त्यांत एचएमटी हा वाण पिकू लागला, आमच्याच तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी आपल्या शेतातल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या हेरून, निवडून तयार केलेला. आमच्या भागात जमिनीला नावं आहेत: मोरांड, खरडी, सिहार, वर्धी. बाबा धुऱ्यावरून अनवाणी चालत आणि कुठली बांधी अजून ओल धरून आहे, कुठली वरून सुकली पण आत मऊ आहे, ते बोलून दाखवत. मी वाकून माती हातात घेऊ लागलो की म्हणत, "पायाले इचार."

गोल्फच्या नियमांतही ही गोष्ट आहे, हे पुढे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला. बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, बॉल गेला तर वाळू कशी आहे हे पाहण्यासाठी तिला हात लावता येत नाही, काठी टेकवता येत नाही. मात्र नीट उभं राहण्यासाठी पाय रोवण्याची मुभा आहे. म्हणजे वाळू खोल आहे की पातळ, ओली आहे की भुसभुशीत, हे सांगणारा साक्षीदार एकच उरतो, तळपाय. चांगला खेळाडू त्या दोन-तीन सेकंदांत सगळं ऐकून घेतो. लिंक्सवर तर बंकरच्या बाहेरही हेच चालतं. डोळ्याला सपाट दिसणारी जागा डावीकडे उतरते आहे, हे घोट्याला आधी समजतं.

ही मैदानं कुणी आराखडा काढून बांधली नव्हती. समुद्र मागे सरला, वाऱ्याने वाळूचे उंचवटे उभे केले, त्यांवर बारीक, चिवट गवत धरलं. शेतीला ती जमीन निरुपयोगी होती. मेंढ्या चरत, ससे बिळं करत. वारा चुकवायला मेंढ्या जिथे दबून बसत तिथे खळगे पडले आणि त्यांचेच पुढे बंकर झाले असं सांगतात. सेंट अँड्र्यूज गावात १५५२च्या एका सनदेने गावकऱ्यांचा त्या जमिनीवर गोल्फ खेळण्याचा हक्क मान्य झाला. १७६४मध्ये तिथले बावीस होल कमी होऊन अठरा झाले आणि तोच आकडा पुढे जगभर रूढ झाला. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला ही जमीन समजावून सांगावी लागत नाही. आपल्या झुडपी जंगलासारखीच ती, नांगराखाली न आलेली, सगळ्यांची पायवाट असलेली, गुरांची आणि सरपणाची. महागड्या क्लबांचा म्हणून ओळखला जाणारा खेळ अशा पडीक सार्वजनिक जमिनीवर वाढला, हे मला त्याच्या इतिहासातलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

आता तो फटका. हिरवळ साधारण पन्नास यार्डांवर आहे, समोरून वारा आहे. उंच जाणारा वेज पिशवीतच राहू द्यायचा आणि सात नंबरची आयर्न काढायची. पाय जवळ, बॉल उजव्या पायासमोर, हात बॉलच्या थोडे पुढे. काठी गुडघ्यापासून गुडघ्यापर्यंतच फिरते, मनगटं मोडायची नाहीत. आधी बॉल, मग माती. बॉल कमरेच्याही खाली निघतो, एकदा टेकतो, दुसऱ्यांदा टेकतो आणि मग चालू लागतो. आणखी एक अवघड प्रकार असतो. हिरवळ उंचावर आणि तिच्यापुढे चढ. तेव्हा बॉल मुद्दाम त्या चढावर आपटायचा. चढ त्याचा वेग खातो, बॉल एक छोटी उडी घेऊन वर जातो आणि थकल्यासारखा थांबतो.

हा दुसरा फटका मी सुट्टीवर आलो की नागभीडला घोटला. धानाची कापणी झालेली, ज्या बांधीत लाखोळी टाकलेली नाही ती निवडायची. डिसेंबरात ती जमीन खडखडीत असते, वर बारीक भेगा. धसकटांच्या ओळींमधली मोकळी जागा शोधून बॉल ठेवायचा आणि समोरच्या धुऱ्याच्या पोटात मारायचा. जास्त वर लागला तर बॉल पलीकडच्या बांधीत, खाली लागला तर परत माझ्याकडे. मधे वीतभर जागा अशी, की तिथे लागला तर तो धुऱ्यावर चढून बसतो. ती वीत सापडली की हाताला न सांगता कळू लागतं.

कुलाब्याला मात्र ही विद्या जशीच्या तशी लागू होत नाही, आणि त्याचं कारण गवतात आहे. स्कॉटलंडला थंड हवेतलं फेस्क्यू, सुईसारखं पातळ आणि ताठ, बॉल त्यावरून घसरत जातो. आपल्याकडे हरळी. गणपतीला वाहतो तीच दूर्वा, गोल्फच्या जगात बर्म्युडा ग्रास म्हणून ओळखली जाणारी. ती आडवी पसरते, बॉलला धरून ठेवते, आणि तिच्या रोखाविरुद्ध मारलं तर काठीच अडवते. म्हणून इथे पहिला टप्पा हिरवळीच्या जवळ घ्यावा लागतो. मग पावसाळा सरून जमीन वाळू लागते, हरळी आखूड आणि पिवळट होते, आणि हिवाळ्यात ते मैदान खऱ्या अर्थाने किनाऱ्याचं होतं. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा, अगदी हलका. मग तो पडतो, थोडा वेळ पानही हलत नाही, आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा चढतो. सकाळी आठ नंबरने जिथे बॉल पोचला तिथे दुपारी सहा नंबर लागते. आमचे एक वयस्कर कॅडी होते, मूळचे कोकणातले. झेंड्याकडे न बघता ते माझ्या हातातली काठी बघत आणि म्हणत, "साहेब, बॉल चालवा, उडवू नका." त्यांनी स्कॉटलंड पाहिलं नव्हतं. मुलगी एडिंबराला राहायला गेल्यावर मी तिकडच्या मैदानांवर खेळलो, तेव्हा तिथला कॅडीही तेच सांगत होता.

आपले खेळाडू त्या जमिनीवर कमी पडतात असं मी मानत नाही. जीव मिल्खा सिंग २०१२मध्ये इन्व्हरनेसजवळच्या कॅसल स्टुअर्टवर, ऐन किनाऱ्यावर, स्कॉटिश ओपन जिंकला. शुभंकर शर्मा २०२३च्या ओपनमध्ये रॉयल लिव्हरपूलला संयुक्त आठवा आला. तरीही नवी मुलं घडतात ती पाणी पिऊन पिऊन मऊ झालेल्या मैदानांवर. मैदान हिरवंगार दिसलं पाहिजे, हा आपला हट्ट. त्यासाठी उन्हाळ्यातही फवारे चालू. अशा जमिनीत बॉल रुततो, चालत नाही, आणि मुलांना एकच फटका येतो, उंच. पाण्याची उधळपट्टी होते ती वेगळीच. जमीन थोडी तपकिरी होऊ द्यावी, टणक होऊ द्यावी, हे मी क्लबांच्या बैठकींत आग्रहाने मांडत आलो आहे आणि पुढेही मांडणार. कोरड्या मैदानावर म्हातारी माणसंही तरुणांशी बरोबरीने खेळतात, कारण तिथे दंडाच्या ताकदीचं निम्मं काम उतार करतो.

कुणी सेंट अँड्र्यूजला जाणार असेल तर ओल्ड कोर्सवर खेळण्यासाठी हँडिकॅपचा दाखला सोबत ठेवावा आणि चिठ्ठीत नाव टाकावं. नाव निघेलच असं नाही. पण रविवारी तिथे सहसा खेळ बंद असतो, गावातली माणसं मुलंबाळं आणि कुत्री घेऊन मैदानभर फिरतात, कुणी अडवत नाही. सतराव्या होलची हिरवळ शोधा. तिच्या पुढ्यात एक खोल, उभ्या भिंतीचा बंकर आहे, मोठमोठ्यांचे डाव त्यात बुडाले आहेत. लांबून बघितलं तर एवढ्याशा खड्ड्यात इतके बॉल का जातात ते कळत नाही. त्याच्या कडेकडेने हळू चाला. भोवतालची सगळी जमीन त्याच्याच दिशेने उतरते, आणि चार पावलांत घोटे तिकडे वळू लागतात.