चांदीची माती आणि आमचा हिशेब

उन्हाळी सुट्टीतल्या हस्तकला वर्गासाठी यंदा आम्ही चांदीची माती मागवली. नाव ऐकून पालक हसले, पण वस्तू खरी आहे. चांदीची अतिशय बारीक पूड, चिकट द्रव्य आणि पाणी यांचा हा गोळा. 1990 च्या सुमारास जपानमध्ये तो तयार झाला. कणकेसारखा लाटायचा, हवा तो आकार द्यायचा, सुकवायचा आणि भाजायचा. चिकट द्रव्य जळून जाते, उरते ती शुद्ध चांदी.

विश्वस्तांपुढे अंदाजपत्रक ठेवले तेव्हा पहिलाच प्रश्न आला, "सर, सराफ्यात चांदीचा भाव काय आणि या मातीचा काय?" प्रश्न रास्त होता. ही माती साध्या चांदीपेक्षा बरीच महाग पडते. म्हणून आम्ही काटकसर दाखवली. मुले 14, प्रत्येकी 5 ग्रॅम, एकूण 70 ग्रॅम. त्यावर एक ग्रॅमही नाही. लाटायला प्लॅस्टिकच्या नळीचा तुकडा, जाडी सारखी यावी म्हणून दोन्ही बाजूंना खेळायचे पत्ते, माती हाताला चिकटू नये म्हणून थेंबभर तेल. हे सगळे घरचेच. भाजण्याचे काम शिक्षकांकडे. मंजुरी मिळाली आणि आम्ही खूष झालो.

नववीतल्या एका मुलीने आजीसाठी अंगठी करायला घेतली. आजीच्या बोटाला आतून 18 मिलिमीटर व्यासाची अंगठी लागत होती. आम्ही म्हटले, "मग 18 चीच कर." भाजून निघाली ती 16.2 ची. ही माती भाजताना आकसते. आमची माती 10 टक्के आकसणारी होती आणि तसे पाकिटावर छापलेले होते. आम्ही फक्त किंमत वाचली होती. दुसरी अंगठी करायला माती शिल्लक नव्हती. मुलगी काहीच बोलली नाही, त्याचे आम्हाला जास्त वाईट वाटले.

दुसऱ्या दिवशी आम्ही आमची चूक फळ्यावर मांडली. "18 मध्ये 10 टक्के मिळवा, झाले 19.8." तीच मुलगी उभी राहिली. "सर, 19.8 चे 10 टक्के गेले तर 17.82 उरतात. अंगठी पुन्हा लहानच होईल." मग तिनेच 18 ला 0.9 ने भागून 20 लिहिले. आम्ही हा धडा हिंदीतून 'प्रतिशत' म्हणून शिकलो, ती 'शेकडेवारी' म्हणून शिकली. चूक भाषेची नव्हती, आमच्या घाईची होती.

आता पुढच्या वर्षीचे अंदाजपत्रक असे करू. आधी कणकेचा नमुना करून आकार ठरवायचा. मग आकसणे धरून मोठे माप काढायचे. भेगा बुजवायला आणि बिघडलेल्या कामासाठी 10 ग्रॅम वेगळी ठेवायची. उघडलेले पाकीट लवकर सुकते, म्हणून ते घट्ट बांधायचे. न भाजलेली कातरण व भुगा डबीत जमवायचा. पाणी घालून तो पुन्हा मळता येतो.

विश्वस्तांना आम्ही सगळे खरे सांगितले आणि आणखी 10 ग्रॅम मागितले. ते मिळाले. आजीच्या बोटात आता बरोबर मापाची अंगठी आहे. पहिली लहान अंगठी नातीने स्वतः दोऱ्यात ओवून गळ्यात घातली आहे.

पालकहो, मुलांसाठी खर्चाचा अंदाज करताना चुकीसाठीही थोडी जागा ठेवावी, हे आम्हाला या वयात त्या मुलीने शिकवले.