रंग आणि वीण

कापडावरील नक्षी एक तर छापलेली असते, नाही तर भरतकामाची, एवढेच ज्ञान गाठीशी बांधून आम्ही भावंडे उन्हाळ्याच्या सुटीत पीपलरावांहून महेश्वरास आत्याकडे गेलो. आमचा देवास जिल्ह्याचा मुलूख काळ्या मातीचा, गहू-हरभऱ्याचा. हातमाग आम्ही चित्रातच पाहिलेला. महेश्वरात मात्र गल्लीगल्लीतून मागाची लय कानी येते. अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात येथे राजधानी केली व बाहेरून विणकर आणून वसविले. पुढे त्यांच्या हातची महेश्वरी साडी सर्वत्र नावाजली. आज तिचा उभा धागा, म्हणजे ताणा, बहुधा रेशमाचा असतो आणि आडवा धागा, म्हणजे बाणा, सुताचा.

आत्याच्या शेजारी एक वृद्ध विणकर राहतात. त्यांना आम्ही चाचा म्हणत असू. त्यांच्या ओसरीवर शिकणारांसाठी चार चौकटींचा एक लहान माग होता. त्यावर त्यांनी प्रथम गडद निळा आणि पांढरा असे धागे एकाआड एक लावले, आणि धोट्यानेही त्याच क्रमाने निळा व पांढरा बाणा टाकावयास सांगितले. वीण अगदी साधी, एक धागा वर व एक खाली. पाहतो तो कापडावर आडव्या रेघा! ताण्यात एके ठिकाणी मात्र चाचांनी दोन निळे धागे शेजारी-शेजारी ठेवले होते. त्या ठिकाणापासून पुढे त्याच रेघा उभ्या झाल्या. बाण्यातही एकाच रंगाचे दोन धागे लागोपाठ टाकताच उभ्याच्या आडव्या व आडव्याच्या उभ्या झाल्या आणि चटईसारखी नक्षी उमटली. निळ्या बाण्याच्या वेळी निळेच उभे धागे वर आले, तर सारी ओळ निळी दिसते. पांढरे वर आले, तर दोन्ही रंग आळीपाळीने दिसतात. सारे रहस्य काय ते एवढेच!

दुसरा पाठ तिरक्या विणीचा. आता दोन-दोन चौकटी एकदम उचलावयाच्या: पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी, तिसरी-चौथी, चौथी-पहिली. चार धागे निळे व चार पांढरे, ताण्यात तसेच बाण्यातही. या क्रमाने दातेरी चौकडी तयार होते. स्कॉटलंडच्या मेंढपाळांच्या जाड लोकरी चादरींतून ती जगभर पसरली आणि शिकारी कुत्र्याच्या दातावरून ‘हाउंडस्टूथ’ या नावाने ओळखली जाऊ लागली. नर्मदाकाठी बसून आम्ही तीच विणीत होतो!

चाचांजवळ कागद नव्हता. शेकडो काठांची मोजणी त्यांच्या मुखी होती. एके दिवशी आम्ही विचारले, हे सारे पुढे कोणास शिकविणार? ते हसले व म्हणाले, मुलगे पीथमपूरच्या कारखान्यात आहेत. तेथे महिन्याचा पगार ठरलेला असतो. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते आमच्या मनास अधिक लागले. त्या दिवसापासून आम्ही वही घेऊन बसू लागलो. ते सांगत, आम्ही चौकोनी रकान्यांत काळे-पांढरे ठिपके भरीत असू. सुटी संपेपर्यंत अकरा काठ लिहून झाले. बाकीचे त्यांच्या स्मरणात आहेत, आणि स्मरणाला वय असते.

महेश्वरी काठांची छापील नक्कल आता बाजारात स्वस्त मिळते. दुरून दोन्ही सारखेच भासतात. परंतु वाचकहो, पदर हाती घेऊन एकदा उलटून पाहा. छापलेला रंग मागच्या बाजूस फिका पडतो. विणलेला काठ दोन्ही अंगांनी बोलतो. त्यातील प्रत्येक धागा कोणी तरी मोजलेला असतो. ती मोजदाद ज्यास कळली, तो किंमत विचारताना क्षणभर थांबेल. पुढच्या सुटीत बाराव्या काठापासून आरंभ करावयाचा, असे आमचे व चाचांचे ठरले आहे.