गवताखाली लपलेली इमारत

मागच्या हिवाळ्यात ऑफिसच्या कामासाठी दोन आठवडे हाँगकाँगला होतो. तिथे जाणारा प्रत्येक जण डिस्नेलँड आणि पीक ट्रामचे फोटो पाठवतो. मी मोकळ्या रविवारी बरोबर उलट्या दिशेला, चीनच्या हद्दीजवळच्या तिन शुई वाई या उपनगरात गेलो. तिथे हाँगकाँग वेटलँड पार्क आहे. ६१ हेक्टरचं हे पाणथळ उद्यान २००६ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. मला पक्ष्यांतलं फारसं कळत नाही, पण तिथली इमारत बघायचीच होती.

आणि नेमकी ती दिसेना! एका बाजूला तीसेक मजली टॉवर्सच्या रांगा, समोर मोठं फरसबंद अंगण आणि पुढे गवताची हलक्या चढाची टेकडी. ही टेकडी म्हणजेच इमारतीचं छप्पर. त्यावरून चालत वर जाता येतं. वर पोचलात की पाठीमागे शहर राहतं आणि समोर एकदम पाणी, बोरूची बेटं, खारफुटी. आत सुमारे दहा हजार चौरस मीटरची जागा आहे, पण रस्त्यावरून त्याचा पत्ताच लागत नाही. पाण्याच्या बाजूला मात्र भिंतीऐवजी मोठमोठ्या काचा आहेत, त्यामुळे आत उभं राहिलं तरी नजर बाहेरच जाते.

गवताचं छप्पर केवळ दिसायला नाही. मातीच्या थरामुळे खालच्या दालनांत ऊन कमी झिरपतं. एसीसाठी जमिनीत खोलवर नळ्या सोडल्या आहेत. इमारतीतली उष्णता त्या नळ्यांतल्या पाण्यावाटे जमिनीत जाते, त्यामुळे गच्चीवर गरम हवा फेकणारे खोके नाहीत. काही भिंती जुन्या पाडकामातल्या चिनी विटांच्या आहेत. काही आडोशांमध्ये कालवांची रिकामी शिंपलं भरली आहेत. याच किनाऱ्यावर कालवांची शेती चालते, तिथलाच हा टाकाऊ माल. आपल्याकडे ‘इको-फ्रेंडली’ म्हणून बांबूचा एक सोफा ठेवतात, त्यापेक्षा हे बरंच प्रामाणिक वाटलं.

आतली प्रदर्शनं ठीक आहेत. मॉडेल्स, पडदे, बटणं, मुलं रमतात. सगळ्यात जास्त गर्दी पुई पुईपाशी. ही खाऱ्या पाण्यातली मगर २००३ मध्ये जवळच्या युएन लाँग भागातल्या नदीत दिसली आणि पुढचे कित्येक महिने पकडणाऱ्यांना हुलकावण्या देत राहिली. आता तिचं स्वतंत्र घर आहे. कोकण-गोव्यातल्या वाचकांना मात्र खारफुटीतली लाकडी पायवाट जास्त आवडेल. ओहोटीला चिखलात निवट्या उड्या मारताना दिसतात. तिथे त्यांचं कालवण करत नाहीत, नुसत्या बघायच्या.

हे सगळं मुळात उभं राहिलं ते भरपाई म्हणून. तिन शुई वाई हे नवं शहर मत्स्यतळ्यांवर भराव घालून वसवलं. बांधकामात गेलेल्या पाणथळीचा मोबदला म्हणून ही जागा राखायची ठरली, आणि पुढे तिथे लोकांनाही येऊ द्यावं असा विचार झाला. म्हणजे ज्या टॉवर्सकडे पाठ करून आपण छपरावर चढतो, त्यांच्यामुळेच हे छप्पर आहे. मला हे जरा टोचलं. इंदूरमध्ये आमची सोसायटीही नाल्याकाठच्या सखल जमिनीवर उभी आहे. जोराचा पाऊस झाला की पार्किंगमधून गाड्या आधी बाहेर काढाव्या लागतात. आमच्या वाट्याच्या पाणथळीची भरपाई कुठे झाली, हे कुणी विचारलंही नाही. मीही फ्लॅट घेताना फक्त कार्पेट एरिया विचारला होता.

भरपाईने गेलेलं परत येत नाही, हे खरं. पण इथे निदान हिशेब दिसतो. शहरातून वाहून येणारं पावसाचं पाणी आधी तळ्यात निवळतं, मग बोरूच्या वाफ्यांतून गाळून गोड्या पाण्याच्या भागात जातं. शेजारीच माई पो आणि डीप बेचा रामसार दर्जा मिळालेला पाणथळ पट्टा आहे. काळ्या तोंडाचे दुर्मीळ चमचे हिवाळ्यात या खाडीवर उतरतात. चिखलाकडे तोंड केलेल्या निरीक्षणघरातून मलाही लांबवर पांढरे ठिपके दिसले. शेजारच्या आजोबांनी न बोलताच आपली दुर्बीण पुढे केली, म्हणून चमच्यासारखी चोच पाहता आली. ठिपक्यांच्या मागे, खाडीपलीकडे, शेन्झेनच्या इमारती.

आमच्या इंदूरचा सिरपूर तलाव होळकरांच्या काळातला. २०२२ मध्ये तो रामसार यादीत आला आणि २०२५ मध्ये शहरालाही ‘वेटलँड सिटी’ची मान्यता मिळाली. उद्या तिथे पर्यटकांसाठी मोठी इमारत बांधायचं निघालं, तर मला दर्शनी भागाचं रंगीत चित्र नको. वरच्या वस्त्यांचं सांडपाणी कुठून वळवणार आणि रात्री दिवे किती वाजता बंद होणार, हे आधी कागदावर हवं. ‘आय लव्ह इंदूर’ची अक्षरं लावायला गावात दुसऱ्या जागा पुष्कळ आहेत.

हाँगकाँगला जाणार असाल तर तिन शुई वाई स्टेशनवर उतरून लाइट रेलने ‘वेटलँड पार्क’ थांबा गाठा. मंगळवारी सहसा बंद असतं. पक्ष्यांसाठी नोव्हेंबर ते मार्च उत्तम, आणि दुर्बीण आपली न्या. आजोबा रोज भेटतीलच असं नाही.