खोली नसलेल्यांची दुपार

वणीच्या परिसरात चैत्र दोन अंगांनी येतो. सप्तशृंगगडावर चैत्रोत्सव भरतो, खानदेशातून पायी आलेले भाविक डोक्यावर ओला पंचा टाकून रस्त्याने जाताना दिसतात. आणि त्याच दिवसांत द्राक्षबागांची खरड छाटणी सुरू होते. ही छाटणी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. द्राक्षे उतरली, की वेलीवरची जुनी काडी डोळ्यापर्यंत खरडून काढतात. हिवाळ्यात ज्या मांडवाखाली दुपारीही गारवा असतो, तो मांडव ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर उघडाबोडका होतो. म्हणजे छाटणाऱ्याचे काम जसजसे पुढे सरकते, तसतशी त्याची सावली त्याच्याच हाताने नाहीशी होत जाते.

मी मराठीचा प्राध्यापक. वडिलोपार्जित दीड एकर बाग आहे, म्हणून थोडासा मालकही. दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये आमच्या बागेत सुरगाण्याकडची आठ जणांची टोळी छाटणीला होती. दुपारी एकच्या सुमारास त्यांतल्या एक मावशी तारेला धरून खाली बसल्या. साखर-मिठाचे पाणी दिले, बांधावरच्या आंब्याखाली नेले. अर्ध्या तासात त्या उठल्या आणि कात्री शोधू लागल्या. मी म्हणालो, "मावशी, आज राहू द्या." त्या म्हणाल्या, "सर, उक्तं घेतलंय. बसून कसं भागंल?" मी गप्प राहिलो. उक्त्याचा दर मीच ठरवला होता. त्या दराने विश्रांतीलाही किंमत लावली होती, आणि ती मावशींनी मोजायची होती.

त्या रात्री मी कायदे वाचायला बसलो. आपल्यासारख्या माणसांना शब्दांपाशी थांबायची खोड असते, तीच उपयोगी पडली. १९४८ च्या कारखाना अधिनियमाचे १३वे कलम तापमानाविषयी बोलते. कामाच्या खोलीत कामगाराला वाजवी आराम वाटेल असे हवामान राखावे, असे त्याचे सांगणे. मी 'खोली' या शब्दावर अडखळलो. तो अधिनियम २१ नोव्हेंबर २०२५ पासून २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. तिथे 'आस्थापने'ची सर्वसाधारण मर्यादा १० कामगारांची. मावशींच्या कामाला ना भिंती, ना छप्पर, आणि टोळी आठ जणांची.

मग उन्हाळ्यात सरकारी यंत्रणा ज्या सूचना काढतात त्या पाहिल्या. दुपारी १२ ते ३ उन्हात जाणे टाळावे, भरपूर पाणी प्यावे. सल्ला रास्तच आहे. परंतु या वाक्यांचा कर्ता कोण? उन्हात उभा असलेला माणूस. टाळायचे त्यानेच, प्यायचे त्यानेच. ज्याच्या बागेत तो उभा आहे, तो या वाक्यांत कुठेच नाही.

कॅलिफोर्नियात २००५ साली उष्णतेसंबंधी नियम झाला, त्यात कर्ता बदललेला दिसतो. तिथे पाणी आणि सावली मालकाने 'द्यायची' आहे. पारा सुमारे २७ अंशांवर गेला की सावली उभारलेली असलीच पाहिजे. नियम असूनही २००८ मध्ये तिथल्या एका द्राक्षमळ्यात १७ वर्षांची गर्भवती मजूर मुलगी उन्हाने गेली. नियम पाळला गेला नव्हता. तेव्हा नुसता कायदा माणूस वाचवत नाही, हे खरे. पण कायदा होता म्हणून त्या मृत्यूला नुसते 'ऊन बाधले' म्हणून विसरता आले नाही. पुढे २०१६ पासून उक्त्या कामातल्या विश्रांतीची मजुरी वेगळी देणेही तिथे बंधनकारक झाले. त्याच देशात टेक्सासने २०२३ मध्ये आणि फ्लोरिडाने २०२४ मध्ये शहरांना व तालुक्यांना असे नियम करण्यापासूनच रोखले. व्यवसायाला ठिकठिकाणच्या नियमांचा जाच नको, असा त्यामागचा युक्तिवाद.

हा युक्तिवाद आपल्याला परका नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातील दिवसाची कमाल मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मान्यता दिली, तीही उद्योगांच्या सोयीसाठीच. आणि याच राज्यात १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणीकामगारांसाठी आठवड्याच्या सुट्टीबरोबर दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती मागितली होती. १८९१ च्या कायद्याने ती गिरणीत पोहोचली. बागेत अजून पोहोचायची आहे.

गेल्या वर्षीपासून आम्ही उक्ते बंद करून रोजाने छाटणी करतो. काम सकाळी सहाला सुरू होते, साडेअकराला थांबते, उरलेले संध्याकाळी. खर्च वाढला. शेजारचे बागाईतदार हसून म्हणतात, "सर, तुम्हाला पगार आहे." त्यांचे चुकत नाही, ज्याचे घर बागेवरच चालते, त्याने एकट्याने हा भार का उचलावा? सर्वांवर सारखा पडला तरच तो पेलेल, आणि तसा तो पाडणे कायद्यालाच शक्य आहे. माझी सद्बुद्धी तर भाव पडलेल्या एखाद्या वर्षी मी परतही घेऊ शकतो.

यंदा मावशी आल्या नाहीत. मुकादम म्हणाला, दुसरीकडे उक्ते जास्त मिळाले.