निवडणं-टिपणं

घरात एखादी वस्तू घ्यायची ठरली, की ती जिने वापरायची तिला सोडून बाकी सगळ्यांना त्या वस्तूबद्दल ठाम मत असतं. मिक्सरच्या वेळी मी हे अनुभवलं, शिलाई यंत्राच्या वेळी अनुभवलं. मग लॅपटॉप म्हटल्यावर तर बोलायलाच नको! "तुला कशाला लॅपटॉप?" इथून सुरुवात झाली. मी एका शाळेत अर्धवेळ मराठी आणि इतिहास शिकवते. त्या पगारातून तीन वर्षं बाजूला टाकलेले पैसे होते, तेव्हा परवानगीचा प्रश्न नव्हता. पण मतांना कोण आवरणार?

"घरच्या व्हिडिओंचं संकलन करायचंय," मी म्हटलं. त्यावर हे हसले. चेष्टेनं नव्हे हं. लहान मुलीनं 'मी आज पोळ्या करणार' म्हटल्यावर आपण हसतो ना, तसं.

आमचे सासरे, म्हणजे नाना, २००४ साली निवृत्त झाले आणि त्यांनी स्वतःसाठी आयुष्यातली पहिली हौस केली. एक लहानसा व्हिडिओ कॅमेरा घेतला. त्यात काडेपेटीपेक्षा थोडी मोठी कॅसेट बसायची. मिनी डीव्ही म्हणत तिला. नऊ वर्षांत नऊ कॅसेटी भरल्या. नणंदेचं लग्न, गणपती, पन्हाळ्याची सहल, आमचं लग्न. २०१३ मध्ये कॅमेरा बंद पडला आणि कॅसेटी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गेल्या. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीला महापूर आला आणि कृष्णेचं पाणी आमच्या जिन्याच्या चौथ्या पायरीला लागलं. तेव्हा सासूबाईंनी वरच्या मजल्यावर सगळ्यांत आधी काय नेलं असेल? देवघरातले टाक, रेशनकार्ड आणि तो डबा.

नाना २०२१ मध्ये गेले. भिंतीवर त्यांचा फोटो आहे, पण आवाज? कॅमेरा कायम त्यांच्याच हातात, त्यामुळे चित्रात ते नाहीतच. मात्र मागून बोलणारे नाना सगळीकडे आहेत. "इकडे बघा रे", "ए, लाडू लपवू नकोस." हा आवाज कित्येक वर्षं त्या डब्यात बंद होता. यंदा सासूबाईंना पंचाहत्तर पूर्ण होणार. त्यांना साडी, अंगठी काही नको होतं. एकदा भाजी निवडता निवडता सहज म्हणाल्या, "ह्यांचा आवाज विसरायला लागलेय गं मी." बस्स. मी त्या दिवशी ठरवलं.

पहिलं काम कॅसेटी उतरवून घेण्याचं. हल्लीच्या लहान लॅपटॉपला त्या कॅमेऱ्याची तार लागत नाही, आणि कॅमेराही बंदच. गावात लग्नांचं शूटिंग करणाऱ्या एका गृहस्थांकडे जुनं यंत्र निघालं. कॅसेट तासाभराची असेल तर उतरायलाही तासच लागतो, त्यात घाई चालत नाही. नऊपैकी आठ उतरल्या. नववीच्या फितीला दमटपणानं बुरशी धरली होती. तिच्यावर नानांच्या वळणदार अक्षरात 'गणपती २००९' लिहिलंय, तेवढंच आता उरलं. तुमच्याकडे अशा कॅसेटी असतील, तर मैत्रिणींनो, लॅपटॉप नंतर घ्या, पण त्या आधी उतरवून घ्या!

आता लॅपटॉपकडे वळू. दुकानात जाण्याआधी मी वाणसामानाच्या यादीसारखा हिशेब मांडला. एका तासाच्या मिनी डीव्ही कॅसेटला साधारण १३ जीबी जागा लागते. आठ कॅसेटी म्हणजे १०४ जीबी. फोनवर फुल एचडीमध्ये घेतलेलं एक मिनिट १०० ते १३० एमबीच्या घरात जातं, म्हणजे तासाला सहा ते आठ जीबी. 'फोर के' चित्रण त्याच्या दुप्पट-तिप्पट. आमच्या दोघांच्या फोनमधलं मुलीचं बालपण मिळून १५० जीबी भरलं. म्हणजे २५६ जीबीचा लॅपटॉप घेतला, तर काम सुरू होण्याआधीच कोठी भरली! म्हणून लॅपटॉपमध्ये ५१२ जीबीची एसएसडी आणि कच्च्या मालासाठी बाहेरून जोडायची एक टीबीची हार्ड डिस्क, असं ठरवलं.

भाच्याला ही यादी दाखवली. तो इंजिनिअरिंगला आहे. त्यानं रॅम, प्रोसेसर असं बरंच सांगितलं. मी त्याला थांबवून स्वयंपाकघरात नेलं आणि माझ्या भाषेत उतरवून घेतलं. एसएसडी म्हणजे फडताळ, सामान ठेवायची जागा. रॅम म्हणजे ओटा, एका वेळी किती पसारा मांडता येईल ते यावर ठरतं. प्रोसेसर म्हणजे राबणारे हात. फडताळ कितीही मोठं असलं आणि ओटा वीतभर असला, तर पुरणपोळीचा घाट घालता येईल का? आठ जीबी रॅमवर चार तुकडे जोडता येतात, पण दोन-तीन चित्रं, संगीत, नावं असं सगळं मांडायचं तर १६ जीबी हवी. आणि लक्षात ठेवायची गोष्ट ही, की पातळ, लहान लॅपटॉपमध्ये रॅम बहुधा पक्की बसवलेली असते. ओटा नंतर वाढवता येत नाही! तेव्हा हे आधीच विचारून घ्यावं.

हातांचं म्हणाल, तर स्वस्तातले सेलेरॉनसारखे प्रोसेसर पत्र लिहायला, शाळेचे निकाल करायला ठीक. व्हिडिओला नव्या पिढीचा कोअर आय ५ किंवा रायझन ५ तरी असावा. याला कारण आहे. हल्लीचे फोन जागा वाचावी म्हणून चित्रण फार घट्ट दाबून साठवतात. त्या पद्धतीला एचईव्हीसी म्हणतात. पैठणीची घडी जितकी घट्ट, तितकी उलगडायला मेहनत. ही घडी उलगडायची खास सोय नव्या प्रोसेसरमध्ये असते. जुन्यात नसली तर चित्र अडखळत चालतं. तरी कुणाकडे जुना लॅपटॉप असेल तर अगदी निराश होऊ नये. बऱ्याच प्रोग्रॅममध्ये मूळ चित्रणाची हलकी नक्कल करून तिच्यावर काम करता येतं, आणि शेवटी मूळ चित्रणातून फिल्म तयार होते. त्या नकलेला प्रॉक्सी म्हणतात.

लहानच का हवा, असंही विचारलं गेलं. आमच्या घरात लिहायचं टेबल एकच, आणि त्यावर मुलीचं राज्य. माझं काम कधी जेवणाच्या टेबलावर, कधी सासूबाईंच्या खाटेवर, कधी शाळेतल्या मोकळ्या तासाला. मला चौदा इंची, दीड किलोच्या आतला हवा होता. तेराच्या खाली गेलं की तुकड्यांची पट्टी दिसेनाशी होते. मात्र लहान लॅपटॉप लवकर तापतात, आणि तापले की आपोआप हळू चालतात. तेव्हा व्हिडिओच्या कामाला पंख्याची सोय बघून घ्यावी. भाच्याच्या मनात मॅकबुक एअर होता. २०२०च्या एम १ पासून त्यात पंखा नाही, आवाज नाही, आणि आयमूव्ही हा संकलनाचा प्रोग्रॅमही फुकट मिळतो. पण हवी तेवढी रॅम आणि जागा घेऊन तो माझ्या पैशांत बसेना. मी नाद सोडला.

तीन दुकानं झाली. पहिल्या दुकानात प्रश्न मी विचारायची आणि दुकानदार उत्तरं ह्यांच्याकडे बघून द्यायचा. शेवटी हेच म्हणाले, "अहो, घेणाऱ्या त्या आहेत." (हे वाक्य मी जपून ठेवलंय!) दुसऱ्या दुकानात प्रत्येक प्रश्नाला "होतं हो सगळं" एवढं एकच उत्तर. तिसऱ्या दुकानात काउंटरवर एक चुणचुणीत मुलगी होती. मी पर्समधून पेनड्राइव्ह काढला. त्यात माझ्याच फोनचं पाच मिनिटांचं चित्रण होतं. "हे लावून दाखव," म्हटलं. तिनं आनंदानं लावलं. विंडोज ११ बरोबर क्लिपचॅम्प नावाचा प्रोग्रॅम येतो, त्यात मी तिथंच दोन तुकडे कापून जोडले, पट्टी भराभर पुढं-मागं सरकवली. दहा मिनिटांनी खालून हात लावून बघितला, किती तापलाय ते. भांडं घेताना आपण वाजवून घेतो, मग साठ हजारांची वस्तू न वाजवता का घ्यायची?

पडद्याची परीक्षाही अशीच घेतली. सासूबाईंची हिरवी इरकल आणि हळदीचा करंडा असलेलं एक चित्र दोन लॅपटॉपवर शेजारी शेजारी लावलं. एकावर हळद फिकट, चुन्यासारखी. दुसऱ्यावर हळद ती हळद. दोन्ही 'फुल एचडी'च! फरक रंगांचा होता. माहितीपत्रकात '४५ टक्के एनटीएससी' असेल तर रंग फिके समजावेत, '१०० टक्के एसआरजीबी' असेल तर घरच्या कामाला उत्तम. मला बिल ६२ हजारांचं झालं. हार्ड डिस्क वेगळी. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण मॉडेलं दर वर्षी बदलतात. परीक्षा मात्र बदलत नाही.

संकलनाच्या प्रोग्रॅमला पैसे घालावे लागत नाहीत. डाविंची रिझॉल्व्हची एक आवृत्ती फुकट आहे, पण ती जड आहे, तिला १६ जीबी रॅमही जेमतेम. शॉटकट आणि केडेनलाइव्ह हे दोन्ही फुकट आणि हलके. मी शॉटकट घेतला. काहीही घ्या, आधी 'लक्ष्मीकृष्ण' असा एखादा शब्द टाइप करून बघा. काही प्रोग्रॅममध्ये देवनागरी जोडाक्षरं तुटतात, आणि आपल्याच माणसाचं नाव मोडकं दिसतं.

"हे बायकांच्या आवाक्यातलं काम नव्हे," असं एक दूरचे काका म्हणाले. त्यांना मी इतिहासाच्या तासाला सांगते तेच सांगितलं. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये पडद्यावर आला, त्यामागे सरस्वतीबाईंचे दागिने होते आणि हातही. रात्री फिल्मच्या कडेला भोकं पाडणं, रसायनं कालवणं, आणि दिवसा साऱ्या मंडळींचा स्वयंपाक! मला तर नुसतं बटण दाबायचं होतं.

खरं म्हणजे संकलन हे आपलंच काम आहे, हे काम करतानाच मला कळलं. आपण धान्य निवडतो-टिपतो ना, तेच. नानांनी टिपलं, मी निवडायला बसले. रोज रात्री सगळं आवरल्यावर लॅपटॉप घेऊन सासूबाईंच्या खाटेवर. पहिल्या रात्री नानांचा आवाज आला तशा त्या पदर तोंडाशी धरून गप्प बसून राहिल्या. मी बंद करू लागले तर म्हणाल्या, "राहू दे." दुसऱ्या दिवसापासून त्याच सांगायला लागल्या. हे ठेव, ते काढ.

ह्यांचं म्हणणं, सगळं छान छान तेवढंच ठेवावं. पन्हाळ्याच्या चित्रणात एक तुकडा आहे. नाना म्हणतात, "जरा हसून बघ," आणि सासूबाई फणकाऱ्यानं तोंड फिरवतात. हे म्हणाले, "हे काढून टाक, बरं दिसत नाही." सासूबाई म्हणाल्या, "अजिबात काढायचं नाही. त्या दिवशी आम्ही भांडलो होतो. संध्याकाळी त्यांनी मला भाजलेलं कणीस आणून दिलं. ते कुणी टिपलं नाही, पण मला हे बघून ते दिसतं."

मग माझ्या लक्षात आलं, की नऊ वर्षांच्या चित्रणात सासूबाई नेहमी कडेला आहेत. वाढताना अर्धा हात, दारातून जाताना पदर, पाठमोऱ्या. मधोमध पाहुणे, मुलं, गणपती. मी ते कडेचे तुकडे एकेक वेचले. चित्र मोठं करून त्यांना मध्ये आणलं. जुनं चित्रण मोठं केलं की थोडं धूसर होतं, होऊ दे. फिल्म बावीस मिनिटांची झाली आहे. नानांचा आवाज आणि मधोमध सासूबाई.

तयार फिल्म आणि सगळं कच्चं चित्रण यांच्या मी तीन प्रती केल्या. एक लॅपटॉपच्या जोडीच्या हार्ड डिस्कवर, एक न्यू जर्सीतल्या दिरांसाठी इंटरनेटवर ठेवलेली, आणि एक हार्ड डिस्क सोलापूरला, माझ्या माहेरी. कृष्णेचं पाणी पुन्हा वर आलं, तरी सोलापुरात आईच्या कपाटात नाना सुखरूप बोलत राहतील. मुलीची ठेव माहेरी असावी, असं जुन्या बायका म्हणत. त्यात आता ही सासरची ठेव!

वाढदिवसाला अजून महिना आहे. सासूबाईंनी काल विचारलं, "यात तू कुठं आहेस गं?" खरंच, फोनवरच्या सगळ्या चित्रणात मी कॅमेऱ्यामागं. लेकीनं ते ऐकलं, आणि काहीही न बोलता माझा फोन उचलला. मी लसूण सोलत होते. "आई, इकडे बघ," म्हणाली. अगदी नानांसारखं!