आधी साखर, मग सोनोग्राफी

माझ्या मानेवरचा काळेपणा म्हणजे मळ, असंच घरात सगळे धरून चालले होते. दर रविवारी आई बेसन-दही, नाहीतर लिंबाची फोड घेऊन मान घासायची. कातडी लाल व्हायची, झोंबायची. काळेपणा मात्र तसाच. त्यात पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने यायची नाही आणि हनुवटीवर राठ केस यायला लागले होते. एकाचा दुसऱ्याशी संबंध असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. उतारा मात्र सगळ्यांवर एकच सांगितला जायचा, ‘लग्न झालं की होईल नीट.’

सोनोग्राफीत ‘पीसीओडी’ निघालं. पहिल्या दवाखान्यात पाळी नियमित करणाऱ्या गोळ्या मिळाल्या आणि ‘लग्न लवकर करा’ हा सल्ला. मावशी म्हणाली, गाठी आहेत तर ऑपरेशन करून टाका. तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि माझ्या तब्येतीबद्दलची सगळी बोलणी माझ्या भावी मुलांबद्दल चालली होती. त्याचा मला आजही राग येतो.

पुढे सांगलीत ज्या डॉक्टरबाई भेटल्या, त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवून आधी मान पाहिली, मग विचारलं, ‘घरात शुगर कुणाला आहे?’ आजीला आणि मामाला होती. मग त्यांनी कागदावर आकृती काढून समजावलं. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून ते जास्त तयार होतं. वाढलेलं इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरकं जास्त बनवायला लावतं. त्यामुळे बीज पिकून बाहेर पडत नाही, पाळी लांबते, केस वाढतात. मानेची ती जाड, मखमली काळी कातडीसुद्धा इन्सुलिनचीच खूण. आणि सोनोग्राफीत दिसतात त्या काढून टाकायच्या गाठी नव्हेतच, वाढ अर्धवट थांबलेली बीजं असलेल्या त्या बारीक पुटिका.

थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन तपासून झालं. उपाशीपोटीची साखर ठीक होती, पण ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी १५८ आली. ती १४०च्या आत हवी. म्हणजे मी मधुमेहाच्या उंबरठ्यावर होते आणि नुसत्या उपाशीपोटीच्या तपासणीत हे कधीच कळलं नसतं.

मेटफॉर्मिन सुरू झालं. पहिले काही दिवस पोट बिघडलं, जेवणाबरोबर गोळी घ्यायला लागल्यावर सावरलं. ‘शुगर नाही तर शुगरची गोळी कशाला?’ हे शेजारीपाजारी विचारत राहिले. बाईंनी वजनाचं सांगितलं तेही घाबरवून नाही: ५ टक्के उतरलं तरी फरक पडतो. ७२ किलोच्या मला साडेतीन-चार किलो. ताटात भाताआधी मटकीची उसळ आणि ज्वारीची भाकरी आली, उपवासाची साबुदाणा खिचडी बंद झाली. जेवणानंतर चालणं आणि आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचलणं मी अजून सोडलेलं नाही. पण हे सगळं जाड मुलींचंच दुखणं, असं मात्र नाही. माझी एक मैत्रीण अगदी काटकुळी; ‘तुला कसं असेल?’ म्हणत तिची तपासणी कितीतरी लांबली.

एक गोष्ट मला फार आधी कळायला हवी होती. पाळी येत नाही तेव्हा गर्भाशयाचं अस्तर आत वाढत राहतं आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं तर कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टर गोळी देऊन ती आणतात. याचा लग्नाशी, मूल हवं-नको याच्याशी काही संबंध नाही. मूल हवं असेल तेव्हा त्यासाठी औषधं आहेत. लेट्रोझोलने बीज बाहेर पडायला मदत होते आणि पीसीओडी असलेल्या पुष्कळ बायका आया होतात.

हा आजार मुळापासून जात नाही, आटोक्यात राहतो. माझी पाळी आता साधारण चाळीस दिवसांनी येते. दिवाळीनंतर पुन्हा ग्लुकोजची तपासणी आहे. या वेळी आईलाही सोबत नेणार आहे. तिची आई आणि भाऊ दोघंही मधुमेही, आणि तिची साखर आजवर कुणी तपासलेलीच नाही.